नाव झाकून पान वाचा: फ्रँक मिलर आणि 'बॉर्न अगेन'

प्रश्न असा आहे: "सुपरहिरो कॉमिक्स वाचायला लागून मला वर्ष झालं. एक मित्र म्हणतो, फ्रँक मिलरच्या वाटेला जाऊ नकोस, माणूस द्वेष पसरवतो, बायकांबद्दल वाईट लिहितो, आणि नंतर तर पार घसरला. दुसरा म्हणतो, 'बॉर्न अगेन' वाचल्याशिवाय डेअरडेव्हिल कळायचाच नाही. लेखकाचं नाव बाजूला ठेवून कॉमिक जोखायचं कसं? आणि ठेवावं का?"

वाचा. 'बॉर्न अगेन' आधी वाचा आणि जमलं तर त्याच माणसाचं 'होली टेरर'ही वाचा. पंचवीस वर्षांच्या अंतरानं आलेली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की तुमच्या दोन्ही मित्रांना परस्पर उत्तर मिळतं. मी बावीस वर्षं कॉमिक्सचं संपादन आणि लेटरिंग, म्हणजे फुग्यांतले शब्द लिहून बसवण्याचं काम, करते. रोज दुसऱ्यांची पानं तपासायची हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर अधूनमधून येतोच. तरीही आधी मी तेरा वर्षांची असतानाची गोष्ट सांगते, कारण माझं मत तिथूनच बनलं.

दादा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी अमेरिकन कॉमिक्स आणायचा. एका खेपेला आणलेल्या गठ्ठ्यात डेअरडेव्हिलचा २२९ वा अंक होता. कव्हर गेलेलं, कोपरे कुरतडलेले. तोवर माझं कॉमिक्स म्हणजे घरात बांधून ठेवलेले इंद्रजालचे अंक. तिथला वेताळ खोपडीच्या गुहेत सिंहासनावर बसायचा. आणि या अंकात शीर्षकाच्या पानावर नायक गल्लीत, कचऱ्यात, पाय पोटाशी घेऊन पडलेला. पोशाख नाही, मुखवटा नाही. पुढे सांताक्लॉजच्या वेशातला एक भुरटा चोर त्याला सुरा मारतो. ज्या नायकानं त्या चोराला आजवर कितीदा बदडलं, तो रक्त सांडत, धडपडत बापाच्या जुन्या व्यायामशाळेपर्यंत पोचतो आणि तिथे एक नन त्याला सापडते. मी तो अंक सलग तीनदा वाचला. लेखक कोण, ही चौकशी मला सुचलीसुद्धा नाही. त्या वयात नावांची पट्टी कोण वाचतं?

नाव कळलं ते पुष्कळ वर्षांनी. तोवर मिलर हे दैवत होतं. आणखी काही वर्षांनी तेच नाव घेतलं की लोक तोंड वाकडं करायला लागले. माझ्याकडचा तो कव्हर नसलेला अंक मात्र तोच होता, त्यातली एक रेघही हलली नव्हती.

आता नाव खराब झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी सुटं करून बघा. मिलरच्या बाबतीत निरनिराळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. नंतरचं लिखाण घसरलं, ही एक. ती मला बहुतांशी मान्य आहे, पण नंतर काय झालं त्यानं १९८६ चं पान वाईट होत नाही. म्हातारपणी गवयाचा गळा गेला म्हणून आपण त्याच्या जुन्या तबकड्या फोडत नाही. दुसरी तक्रार त्याच्या मतांबद्दल आहे. २०११ साली वॉल स्ट्रीटविरुद्धच्या ऑक्युपाय आंदोलनातल्या लोकांना त्यानं ब्लॉगवर अत्यंत हीन शब्दांत झोडपलं, आणि त्याच वर्षी 'होली टेरर' आलं. तिसरी तक्रार बायकांच्या चित्रणाची, आणि ती सगळ्यात गंभीरपणे घ्यावी अशी आहे. या शेवटच्या दोहोंचा निकाल बाहेर बसून लागत नाही. तो दोष पानावर आहे का, असला तर कुठल्या चौकटीत, आणि त्यानं गोष्टीचं काय बिघडवलं, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. दाखवता आलं तर लेखक कितीही मोठा असो, सूट द्यायची नाही. दाखवता आलं नाही तर ती तक्रार माणसाबद्दलची आहे, पुस्तकाबद्दलची नाही.

तर पानं उघडू. 'बॉर्न अगेन' म्हणजे डेअरडेव्हिलचे २२७ ते २३३ हे सात अंक, १९८६. लेखन मिलरचं, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची. डेअरडेव्हिल म्हणजे मुखवट्यामागचा वकील मॅट मर्डॉक. त्याची जुनी प्रेयसी कॅरन पेज मेक्सिकोत हेरॉइनच्या आहारी गेलेली आहे. एका डोसासाठी ती डेअरडेव्हिलचं खरं नाव विकते. ते नाव हातोहात किंगपिनपर्यंत, म्हणजे शहरातल्या गुन्हेगारीच्या म्होरक्यापर्यंत, पोचतं. एरवीच्या कॉमिकमध्ये पुढच्या पानावर हाणामारी सुरू झाली असती. इथे किंगपिन हात उगारतच नाही. तो कागद हलवतो. करखात्याकडून खाती गोठतात, घराच्या कर्जाचे हप्ते भरलेच नाहीत असं बँक म्हणते, एक पोलीस अधिकारी खोटी साक्ष देतो आणि मॅटची वकिली जाते. ज्यानं कधी सरकारी कचेरीत 'तुमची नोंदच सापडत नाही' हे वाक्य ऐकलंय त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. शेवटी किंगपिनला राहवत नाही आणि तो मॅटचं घर उडवतो. ढिगाऱ्यात स्वतःचा पोशाख हाती लागल्यावर मॅटच्या लक्षात येतं की हे नशिबाचे फेरे नव्हते, यामागे कुणीतरी आहे. काम सफाईदार होतं, फक्त करणाऱ्यानं त्यावर सही करायला नको होती, अशा अर्थाचं वाक्य तिथे येतं. खलनायकाची हाव त्याचाच घात करते, आणि ती पहिल्या अंकातच पेरलेली आहे. मी नवीन लेखकांना कथानक कसं विणायचं ते याच अंकावर शिकवते.

आता चित्राकडे या. पहिल्या चारही अंकांत शीर्षकाच्या पानावर मॅट आडवा झालेला, वरून पाहिल्यासारखा. २२७ मध्ये तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर ऐसपैस झोपलाय. २२८ मध्ये स्वस्तातल्या हॉटेलच्या खोलीत अंग आक्रसून. २२९ मध्ये तो माझा कचऱ्यातला मॅट, गर्भातल्या बाळासारखा. २३० मध्ये ननच्या आश्रयाला, खाटेवर. घसरण आणि तिचा तळ एकही शब्द न वाचता कळतो. अंक महिन्याला एक निघत होते, म्हणजे मूळ वाचकांना ही चार चित्रं महिना-महिना थांबून मिळाली. ही कल्पना दोघांपैकी कुणाची होती हे वेगळं काढायची मला गरज वाटत नाही. पान दोघांचं आहे.

आणखी एक प्रसंग. बेन युरिक हा वार्ताहर. मॅटला अडकवलं गेलंय हे त्याला कळलंय, म्हणून त्याची बोटं मोडली आहेत. खोटी साक्ष देणारा पोलीस इस्पितळातून त्याला फोन करतो, खरं सांगायला. आणि नर्सच्या वेशातली बाई त्या पोलिसाचा गळा आवळते, युरिकला फोनवर ते सगळं ऐकावं लागतं. तो खून आपल्याला दिसतो तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. लेटरिंग करणारी म्हणून मला हे पान फार शिकवून गेलं. फोनवरचा आवाज फुग्यात कुठे घालायचा आणि फुगा कुठे रिकामा सोडायचा, याचा विचार मी आजही असा प्रसंग आला की या पानाला धरून करते. युरिक घाबरतो, गप्प बसतो, आणि मग हळूहळू पुन्हा बोलायला लागतो. नायक नसलेल्या माणसाचं धैर्य इतक्या बारकाईनं दाखवणारी सुपरहिरो कॉमिक्स मला मोजकीच माहीत आहेत.

आता बायकांचा मुद्दा. कॅरनला व्यसनी करून, तिच्या हातून विश्वासघात करवून गोष्ट सुरू होते. हे खटकतं आणि खटकावंच. नायकाच्या दुःखासाठी बाईची वाताहत करायची, ही या धंद्यातली जुनी खोड, आणि मिलरमध्ये ती आहेच. त्यानं १९८१ च्या जानेवारीत डेअरडेव्हिलच्या १६८ व्या अंकात मॅटची जुनी प्रेयसी इलेक्ट्रा आणली आणि १९८२ च्या एप्रिलमध्ये १८१ व्या अंकात बुल्सआय या भाडोत्री मारेकऱ्याकडून मारवली. तो मृत्यू विलक्षण रेखाटलेला आहे आणि तरीही त्याच खोडीचा भाग आहे, दोन्ही खरं. पण 'बॉर्न अगेन' शेवटपर्यंत वाचलं तर कॅरनला तिथेच टाकून दिलेलं नाही. ती परत येते, पडते, धडपडते, आणि मॅट तिला जाब विचारत बसत नाही. शेवटच्या पानावर दोघं रस्त्यानं बरोबर चालताना दिसतात. त्या कॅरनला पुढे, १९९९ मध्ये, केव्हिन स्मिथनं लिहिलेल्या अंकांत पुन्हा बुल्सआयकडूनच मारलं गेलं. 'मिलर बायकांना संपवतो' एवढीच खूणगाठ बांधून वाचणाऱ्याला दिसत नाही की याच माणसानं तिला घरी आणली होती आणि मारलं दुसऱ्यानं.

आणि मतांचं काय? शेवटच्या दोन अंकांत न्यूक नावाचा सैनिक येतो. तोंडावर अमेरिकेचा झेंडा, आणि लाल, पांढऱ्या, निळ्या गोळ्या खाऊन चालणारा. देशप्रेम म्हणजे नशा झालेला माणूस. त्याच्या बंदुकीखाली हेल्स किचनची गरीब वस्ती भाजून निघते. कॅप्टन अमेरिका त्याला बघून अस्वस्थ होतो, सरकारी फायलींत शिरतो, आणि त्याच्या निष्ठेचा प्रश्न निघतो तेव्हा एका जनरलला सांगतो की माझी निष्ठा फक्त एका स्वप्नाशी आहे. झेंडा आणि विवेक यांच्यातली फट दाखवणारं हे लिखाण ज्याला आपण आज युद्धखोर म्हणतो त्याच माणसाचं आहे.

म्हणून 'होली टेरर' शेजारी ठेवा म्हणते. ती मुळात बॅटमनची गोष्ट म्हणून सुरू झाली, पुढे त्यानं नायकाचं नाव फिक्सर केलं आणि पुस्तक दुसरीकडून काढलं. आडव्या आकाराचं, काळं-पांढरं, अधेमधे रंगाचा ठिपका. सुरुवातीला पावसातला एक पाठलाग आहे, शहराच्या छपरांवरून. त्या पानांवरची शाई बघताना हात जोडावेसे वाटतात, हे मी लपवणार नाही. मग बॉम्ब फुटतो, आणि पुस्तकही तिथेच फुटतं. शत्रूला चेहराच नाही. एका अख्ख्या धर्माची माणसं एकाच साच्यातली, त्यांना हवं ते फक्त नासधूस. किंगपिन आठवा. त्याला संयम होता, हाव होती, चूक होती, म्हणून त्याची भीती वाटायची. इथे भीती वाटत नाही, किळस येते, आणि तीही लेखकाच्या नजरेची. द्वेषानं आधी लेखकाची उत्सुकता मारली आणि उत्सुकता गेल्यावर पात्रं मेली. हा दोष पानावर आहे, मी तो चौकट दाखवून सिद्ध करू शकते. त्यामुळे या पुस्तकाला माझ्याकडून सूट नाही. २०१८ मध्ये 'गार्डियन'शी बोलताना मिलर म्हणाला की झालेली पुस्तकं पुसून टाकायची त्याची इच्छा नाही, पण तसं पुस्तक आता त्याच्या हातून होणार नाही. हे त्याच्याविषयी काही सांगतं. 'होली टेरर'च्या पानांत मात्र त्यानं काहीच बदलत नाही, जसं 'होली टेरर'नं 'बॉर्न अगेन'च्या पानांत काही बदललं नाही.

कॉमिक एकट्याचं नसतं, हेही विसरू नका. नाव खराब होतं ते लेखकाचं, आणि त्याबरोबर बाकीच्यांची मेहनत फुकट नाकारली जाते. बॅटमनचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' म्हटलं की मिलर, पण त्या पानांना जो दमट, राखाडी उजेड आहे तो लिन वार्लीच्या रंगांचा, आणि शाईचं काम क्लाउस जॅन्सनचं. मिलरनंच लिहिलेल्या 'बॅटमन: इयर वन'मध्ये रंग रिचमंड लुईसचे. मासिक अंकांसाठी तिनं रंगवलेली पानं संग्रह निघताना तिनंच पुन्हा नव्यानं रंगवली. शब्द तेच, रेषा त्याच, आणि बॅटमनचं शहर गॉथम निराळं दिसतं. दोन्ही आवृत्त्या हाताला लागल्या तर एकच पान समोरासमोर धरून बघा. संपादकही असतोच. मिलर डेअरडेव्हिलवर चित्रकार म्हणून आला होता, त्याला लेखनाची संधी दिली ती संपादक डेनी ओ'नीलनं. 'बॉर्न अगेन'चा संपादक राल्फ मॅकियो. मोठं नाव झाल्यावर लेखकाला 'हे पान काढ' म्हणायला कुणी उरत नाही, आणि घसरण बहुधा तिथून सुरू होते. ही माझी समजूत माझ्या धंद्यातल्या अनुभवावरची आहे, पुराव्याचा कागद नाही.

मिलरच्याच 'ऑल-स्टार बॅटमन अँड रॉबिन' या मालिकेची तर सगळीकडे थट्टा होते. २००५ ते २००८ मध्ये दहा अंक निघाले, चित्रं जिम लीची. बॅटमन सतत ओरडतो, एका अनाथ पोराला गुहेत डांबतो, गोष्ट पुढे सरकत नाही. पुस्तक म्हणून ते फसलेलंच आहे. पण नववा अंक वाचा. ग्रीन लँटर्न या दुसऱ्या सुपरहिरोची जादूची अंगठी पिवळ्या रंगापुढे चालत नाही, म्हणून बॅटमन आणि रॉबिन अख्खी खोली आणि स्वतःचं अंगही पिवळं रंगवून त्याला बोलावतात आणि वर लिंबाचं सरबत पुढे करतात. बघताना हसू येतं. मग पोरगं खरोखर हाणतं, ग्रीन लँटर्न मरता मरता वाचतो, आणि बॅटमनच्या लक्षात येतं की आपण या मुलाला आईबापांसाठी रडूच दिलं नाही. अंक संपतो तो कबरीशी. फसलेल्या पुस्तकात हे एक नीट जमलेलं प्रकरण आहे. 'सगळं भिकार' म्हणून पुस्तक मिटणाऱ्याला ते भेटणारच नाही.

उलट बाजूनंही हेच होतं, आणि त्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. लेखक ॲलन मूरचं नाव इतकं मोठं की त्याचं १९८८ चं बॅटमनचं पुस्तक 'द किलिंग जोक' वर्षानुवर्षं पहिल्या पाचांत धरलं गेलं. चित्रकार ब्रायन बोलंडची रेषा अजोड आहे. पण बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घालून तिला गोष्टीतून जवळजवळ बाहेर काढलंय, तिला काय वाटलं याला जागाच नाही. खुद्द मूरनं नंतर या पुस्तकाबद्दल नाराजी बोलून दाखवली. चांगल्या नावामुळे दोष दिसेनासा होतो, वाईट नावामुळे गुण.

हे मी दुसऱ्यांना सांगते कारण मी स्वतः यात चुकले आहे. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे एका लेखकाचं नाव फार खराब झालं होतं. मुदत पाळत नाही, भांडतो, रक्तपाताशिवाय काही सुचत नाही. त्याची स्क्रिप्ट आली तेव्हा मी दोन पानं चाळली, 'नेहमीचंच' असा शेरा मारला आणि परत पाठवली. वर्षभरानं जुने कागद आवरताना तिची झेरॉक्स निघाली, पहिलं पान गहाळ. कुणाची ते न कळता मी ती उभ्या उभ्या वाचली. रात्रपाळीचा एक हवालदार गच्चीवरून पडून मेलेल्या एका उडणाऱ्या माणसाचा पंचनामा लिहितोय. 'मयताच्या अंगावर लाल कापड, खिसे नाहीत' असं एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे. चाळीस पानांत एकही ठोसा नव्हता. मी त्याला फोन केला, पण तोवर त्यानं लिहिणं सोडलं होतं. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या स्क्रिप्टचं पहिलं पान माझी सहायक काढून ठेवते आणि वर नुसता आकडा टाकते. मी शेरा लिहिल्यावरच नाव बघते. तुम्हीही मित्राला सांगून कव्हरला खाकी कागद घालून घेऊ शकता. शाळेच्या वह्यांना घालायचो तसा.

एक गोष्ट यात मिसळू नका. पुस्तक चांगलं आहे का, हा एक प्रश्न. या माणसाला माझे पैसे मिळावेत का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते तुमचं उत्तर, त्यावर कुणी वाद घालू नये. कुणाचं कृत्य इतकं वाईट असतं की त्याची पानं हातात धरवतच नाहीत, मलाही असे एक-दोन आहेत. पण तेव्हा 'मला वाचवत नाही' असं म्हणा, 'पुस्तक टाकाऊ आहे' म्हणू नका. वाचनालय आहे, जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, मित्राची प्रत आहे. दुसऱ्या मित्राकडे 'बॉर्न अगेन' असणारच, त्याची मागा.

आणि हाती आलं की लगेच वाचत सुटू नका. आधी नुसती ती चार शीर्षकाची पानं शोधा, २२७ ते २३०. ऐसपैस, मग आक्रसलेला, मग कचऱ्यात, मग खाटेवर. प्रत्येकावर मिनिटभर थांबा. मग पहिल्या पानावर या, तिथे कॅरन नाव विकतेय.